रुपयामागे आठ पैसे : शाळा-ग्रंथालयांतील इंटरनेट आणि शासकीय अनुदान

(भाषणाचा मजकूर)



हैदराबाद शहरात आर. टी. सी. क्रॉस रोड्सच्या लगत चिक्कडपल्ली नावाची वस्ती आहे. एका अंगाला चित्रपटगृहांची वर्दळ, दुसऱ्या अंगाला अशोकनगरातील स्पर्धा परीक्षांचे शिकवणी वर्ग, आणि त्यांच्या सान्निध्यात शहर मध्यवर्ती ग्रंथालय. या ग्रंथालयाची ओळख आज ग्रंथांपेक्षा तेथे बसणाऱ्या वाचकांमुळे अधिक आहे. तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतून आलेले तरुण-तरुणी सकाळीच जागा धरतात, सोबत आणलेला डबा दुपारी उघडतात आणि दिवे मालवेपर्यंत पुस्तकावरून नजर काढीत नाहीत. त्यांत आदिलाबादकडचा, घरी मराठी बोलणारा एखादा विद्यार्थीही असतो. भाड्याच्या खोलीत चौघांनी राहायचे आणि अभ्यासाला ग्रंथालयात यायचे, अशी त्यांची दिनचर्या असते.

या वाचकांना पुस्तक, खुर्ची आणि दिवा यांखेरीज आणखी एका गोष्टीची गरज पडते. परीक्षेची जाहिरात संकेतस्थळावर निघते. अर्ज तेथेच भरावा लागतो. शुल्क तेथेच भरावे लागते. प्रवेशपत्र तेथूनच काढून घ्यावे लागते आणि निकालही तेथेच पाहावा लागतो. ज्याच्या हाती इंटरनेट नाही, त्याचा अभ्यास कितीही सखोल असो, अर्जाची शेवटची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेटसाठी शासकीय साहाय्य मिळावे काय, हा प्रश्न आता चैनीचा राहिलेला नाही. ते साहाय्य कोणत्या स्वरूपात मिळावे, हाच खरा विचाराचा विषय आहे.

ग्रंथालय उपकराची परंपरा

चिक्कडपल्लीचे हे ग्रंथालय ज्या पैशावर चालते, त्याची कथा उद्बोधक आहे. तेलंगणात मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर म्हणून वसूल होतात. घरमालक घरपट्टी भरतो, तेव्हा ग्रंथालयाचा वाटाही त्याच पावतीवर भरला जातो. ही रक्कम स्थानिक संस्थेने गोळा करून ग्रंथालय संस्थेच्या स्वाधीन करावयाची असते. या व्यवस्थेचा कायदेशीर पाया म्हणजे १९६० चा आंध्र प्रदेश सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य स्थापन झाल्यानंतरही ही व्यवस्था तेथे कायम राहिली.

त्याआधी मद्रास राज्याने १९४८ मध्ये आणि हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये ग्रंथालयविषयक कायदे केले होते. हैदराबादचा कायदा झाला तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात समाविष्ट झाला. तोपर्यंत मराठवाड्यातील किती तरी पिढ्यांनी उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरली होती. अफझलगंज येथील, १८९१ मध्ये स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय, म्हणजे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, त्यांच्या परिचयाचे होते. सुलतान बाजारातील, १९०१ मध्ये निघालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम तेलुगू वाचकांचे केंद्र होते आणि मराठी भाषकांनीही त्या शहरात आपले ग्रंथसंग्रहालय उभे केले. भाषा वेगवेगळ्या असल्या, तरी ज्ञानाची सोय सर्वांनी मिळून करावयाची ही जाणीव एकच होती.

उपकराचे मर्म असे की, भार प्रत्येकावर अल्प पडतो आणि लाभ ज्याला गरज आहे त्याला पूर्ण मिळतो. ज्या घरमालकाने आठ पैसे भरले, तो कदाचित ग्रंथालयाची पायरी कधीच चढणार नाही. परंतु त्याच्या आठ पैशांवर परगावच्या एखाद्या शेतमजुराची मुलगी अभ्यासाला बसते. येथे सावधगिरीचाही एक धडा आहे. उपकर वसूल होणे आणि तो ग्रंथालयापर्यंत पोहोचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हैदराबादेत स्थानिक संस्थेकडून ग्रंथालय संस्थेला येणे असलेल्या थकबाकीची चर्चा वेळोवेळी वृत्तपत्रांतून होत आली आहे. लोकांनी दिलेला पैसा वाटेत अडकला, तर त्याची झळ वाचनकक्षातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते.

दूरसंचाराच्या शंभर रुपयांतील पाच

घरपट्टीतून ग्रंथालय, तसा दूरसंचाराच्या उत्पन्नातून ग्रामीण भागासाठी वाटा काढण्याची व्यवस्थाही भारतात आहे. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला आणि २००३ च्या दुरुस्ती कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम या निधीसाठी आकारली जाते. साध्या शब्दांत सांगावयाचे, तर हिशोबात धरल्या जाणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांमागे पाच रुपये, जेथे धंद्याच्या दृष्टीने तार नेणे परवडत नाही तेथे ती नेण्यासाठी बाजूला काढले जातात. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले.

याच निधीतून ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या तारेने जोडण्याचा कार्यक्रम उभा राहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे उद्दिष्ट होते. पुढे हा कार्यक्रम ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये खर्चाच्या सुधारित कार्यक्रमास मंजुरी मिळाली. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून इंटरनेट जोडणी देण्याची घोषणा झाली. आजवर दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत ही व्यवस्था नेण्यात आली आहे.

शाळांच्या बाबतीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची २०२४-२५ ची आकडेवारी बोलकी आहे. देशातील ९३.६ टक्के शाळांत वीज आहे, ६४.७ टक्के शाळांत संगणक आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. इंटरनेटचे प्रमाण त्याच्या आदल्या वर्षी ५३.९ टक्के होते. एका वर्षातील ही प्रगती निश्चितच समाधानकारक आहे. तथापि अद्याप तीनांतील एका शाळेपेक्षा अधिक शाळा या सोयीपासून वंचित आहेत, हेही तीच आकडेवारी सांगते. शिवाय नोंदवहीत ‘आहे’ असे लिहिले की सोय चालूच आहे, असे नव्हे. मुख्याध्यापकांच्या खोलीत एकच संगणक जोडलेला असला, तरी नोंद ‘आहे’ अशीच होते. मुलांच्या हाताला त्याचा स्पर्श कधी होतो, हे आकडे सांगत नाहीत.

अमेरिकेचा दाखला

असे साहाय्य कोणत्या तत्त्वावर द्यावे, याविषयी अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे १९९६ च्या दूरसंचार कायद्यान्वये शाळा आणि ग्रंथालये यांना दूरसंचार सेवा सवलतीच्या दराने देण्याची तरतूद झाली. ही योजना ‘ई-रेट’ या नावाने परिचित आहे. प्रारंभी तिच्यासाठी दरवर्षी सव्वादोन अब्ज डॉलरची मर्यादा होती. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या अंशदानातून येतो, म्हणजे अंतिमतः ग्राहकांच्या देयकातूनच येतो.

या योजनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, सवलत सर्वांना सारखी नाही. ती २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत असते. शाळेतील किती मुले शासकीय सवलतीच्या भोजनास पात्र आहेत, हे पाहून शाळेची गरज ठरते आणि ग्रामीण भागाला काही टप्प्यांवर अधिक सवलत मिळते. ग्रंथालयाची सवलत त्याच परिसरातील शाळांच्या स्थितीवरून ठरविली जाते. अर्थात गाव जितके गरीब, तितका शासनाचा वाटा मोठा. दुसरी गोष्ट अशी की, साहाय्य केवळ जोडणीच्या पहिल्या दिवसापुरते नसते. सेवेचा चालू खर्च त्यात मोडतो. २०१४ मधील सुधारणांनंतर इमारतीच्या आत वर्गावर्गापर्यंत वायफाय पोहोचविण्याकडेही अधिक लक्ष देण्यात आले.

या योजनेवर आक्षेपही आले. अंशदानाची पद्धत म्हणजे कायदेमंडळाने आपला कर बसविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे होय, असा वाद न्यायालयात गेला. २७ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही पद्धत वैध ठरविली. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही उपस्थित झाला. २००० सालच्या कायद्याने साहाय्य घेणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना अनुचित मजकूर रोखणारी व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले आणि २००३ मध्ये न्यायालयाने ग्रंथालयांच्या बाबतीतही ती अट मान्य केली. तथापि प्रौढ वाचकाने मागणी केल्यास ती अडसर-व्यवस्था दूर करता येते, हेही तेथे महत्त्वाचे मानले गेले.

तार आली, पुढे काय?

परदेशाचा दाखला पुरे. महाराष्ट्रातच याहून जवळचा अनुभव आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी, ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेची सहकारी चळवळ यांनी मिळून त्याचा भार उचलला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. भारतातील खेड्यांत संगणक नेण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत वारणेचे नाव आदराने घेतले जाते. या केंद्रांचा प्रत्यक्ष उपयोग मुख्यतः ऊस उत्पादकांच्या हिशोबासाठी झाला. पुढे संगणकांची देखभाल अवघड होऊ लागली, तेव्हा तेच काम मोबाइलवरील संदेशांनी कमी खर्चात करण्याचा प्रयोग काही गावांत करण्यात आला.

यातून प्रकल्प फसला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यातून शिकावयाचे ते एवढेच की, यंत्र बसविण्यास लागणारा पैसा एकदाच लागतो, यंत्र चालते ठेवण्यास मात्र दरमहा पैसा लागतो. आणि अनुदानाचा ओढा नेहमी पहिल्या प्रकारच्या खर्चाकडे असतो. उद्‌घाटनाच्या दिवशी संगणकाला हार घालता येतो. विजेच्या देयकाला हार घालता येत नाही.

विजेचे उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवातील आहे. देयक थकल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडली गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अनेकदा आल्या आहेत. वीज गेली की संगणक गेला, संगणक गेला की इंटरनेट गेले. दुसरीकडे, ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाड्यासारख्या लहानशा आदिवासी वस्तीत ग्रामस्थांच्या सहभागाने शाळा डिजिटल झाली आणि राज्यभरातील शिक्षक ती पाहण्यास गेले. तेथे उपकरणांइतकेच महत्त्व या गोष्टीला होते की, शाळा आपली आहे असे गावाला वाटत होते.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा हिशोब

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयविषयक कायदा केला होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. येथील सार्वजनिक ग्रंथालये प्रायः लोकांनी स्थापन केलेल्या संस्था आहेत आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान देते. अशी ग्रंथालये अकरा हजारांच्या आसपास आहेत. शेजारच्या कर्नाटकात मात्र जमीन व इमारत करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. २०१९ मध्ये तेथील ग्रामीण ग्रंथालये पंचायत राज विभागाकडे सोपविण्यात आली आणि त्यांतील अनेकांत संगणकाची सोय करण्यात आली. बेळगाव, बिदर भागांतील मराठी वाचकही त्या व्यवस्थेच्या कक्षेत येतात.

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. तेव्हा ‘ड’ वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजार रुपयांवरून ४८ हजार रुपयांवर गेले. आता या आकड्यावर एका लहान गावच्या ग्रंथालयाचा हिशोब मांडून पाहावा. निम्मी रक्कम ग्रंथपालाच्या वेतनासाठी धरली, तर उरतात २४ हजार. त्यांतून ग्रंथ, वृत्तपत्रे, नियतकालिके, वीज, दुरुस्ती आणि लेखापरीक्षण एवढे भागवावयाचे. इंटरनेटचे देयक दरमहा पाचशे रुपये धरले, तर वर्षाचे सहा हजार होतात. म्हणजे उरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा केवळ तारेवर जातो. अशा वेळी कार्यकारिणीपुढे दोनच मार्ग राहतात. एक तर नव्या पुस्तकांची खरेदी थांबवावयाची, नाही तर जोडणी बंद करावयाची. बहुतेक कार्यकारिणी दुसरा मार्ग पत्करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून इंटरनेटसाठीचे साहाय्य ग्रंथखरेदीच्या अनुदानातून कापलेले नसावे, ते त्याच्या जोडीला असावे. ग्रंथ आणि इंटरनेट ही परस्परांची प्रतिस्पर्धी नाहीत. चिक्कडपल्लीच्या वाचनकक्षात ज्याच्यासमोर जाडजूड पुस्तक उघडे असते, त्यालाच अर्ज भरण्यासाठी संकेतस्थळ उघडावे लागते. एका हातातील काढून दुसऱ्या हातात दिले, तर त्याला मदत झाली असे म्हणता येणार नाही.

प्रत्येकाचा वाटा

अनुदानाचा उद्देश सफल व्हावयाचा, तर शासन, शिक्षक, ग्रंथपाल आणि ग्रामस्थ या सर्वांनी आपापला वाटा उचलला पाहिजे.

अधिकारीवर्गाने जोडणीची संख्या मोजताना तिच्या जोडीने चालू तासही मोजावेत. एखाद्या शाळेत महिन्यातून किती दिवस इंटरनेट चालले, बिघाड कळविल्यापासून किती दिवसांनी दुरुस्त झाला, किती विद्यार्थी प्रत्यक्ष संगणकावर बसले, या तीन प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या नमुन्यात आली, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार शाळेच्या व ग्रंथालयाच्या इमारतीपर्यंत नेण्याचे काम बहुधा काही शे मीटरचेच असते. ते कोणाच्या अखत्यारीत येते, एवढ्याच प्रश्नावर ते वर्षानुवर्षे अडू नये. अनुदानाचे हप्ते वेळेवर पडणे, हीही अधिक रकमेइतकीच मोठी मदत आहे.

शिक्षकांनी संगणक कुलपात ठेवण्याचा मोह टाळावा. यंत्र मोडेल या भीतीने मुलांना दूर ठेवले, तर यंत्र सुरक्षित राहते आणि योजना मात्र वाया जाते. मुलांना संकेतस्थळ ओळखणे, खरी माहिती व भूलथापा यांतील फरक जाणणे, परवलीचा शब्द कोणास न सांगणे, या गोष्टी शुद्धलेखनाप्रमाणेच शिकवाव्या लागतील.

ग्रंथपालांचे काम तर अधिकच मोलाचे झाले आहे. गावातील वृद्धाला निवृत्तिवेतनाची माहिती हवी असते, शेतकऱ्याला सातबारा उतारा हवा असतो, मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो. इंटरनेट असून मार्गदर्शक नसेल, तर ही मंडळी शहरातील दुकानदाराकडे जाऊन दर पानाला पैसे मोजतात. ग्रंथपालाने शेजारी बसून एक अर्ज भरून दिला, तर तो वाचक ग्रंथालयाचा कायमचा सभासद होतो. अशा सेवेसाठी ग्रंथपालाचे प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन हेही साहाय्याच्या व्याख्येत यावयास हवे.

ग्रामस्थांनी आपल्या गावच्या शाळेत व ग्रंथालयात ही सोय आहे काय, असल्यास चालू आहे काय, याची चौकशी ग्रामसभेत करावी. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात शाळेच्या विजेची आणि इंटरनेटच्या देयकाची तरतूद सुचविता येते. घंटा, फळा, भिंत यांसाठी वर्गणी देणाऱ्या गावांना ही गोष्ट अवघड नाही. मात्र जे गाव वर्गणी देण्याच्याही स्थितीत नाही, त्याचा वाटा शासनाने उचलावा. गरजेप्रमाणे साहाय्य हे तत्त्व येथे उपयोगी पडते. श्रीमंत गावाला आणि डोंगरातील पाड्याला एकाच मापाने मोजणे म्हणजे समानता नव्हे.

रुपयामागे आठ पैसे ही रक्कम फार लहान आहे. परंतु गेली सहा दशके अशाच लहान रकमांनी तेलुगू मुलखातील वाचनकक्षांचे दिवे तेवते ठेवले. दूरसंचाराच्या शंभर रुपयांतील पाच रुपयेही याच भावनेने वेगळे काढले जातात. हा पैसा लोकांचा आहे आणि तो लोकांच्या मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे. चिक्कडपल्लीच्या बाकावरील विद्यार्थ्याला शहरात येऊन जी सोय मिळाली, ती त्याच्या धाकट्या बहिणीला आपल्याच गावच्या शाळेत आणि ग्रंथालयात मिळावी. अर्जाच्या शेवटच्या तारखेसाठी तिला सायंकाळची एस. टी. पकडून तालुक्याला जावे लागू नये. एवढे साधले, तरी या अनुदानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.